अंजनेरीची माशी

बहिरू भोयेचं शिक्षण नववी नापास, पण अक्षर असं की तिळावर लिहून दाखवावं. नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो परिचर होता. पोरं त्याला बहिरूमामा म्हणायची. काचा धुणं, ट्रे पुसणं, मस्टर ऑफिसात पोचवणं ही त्याची पगाराची कामं. बिनपगारी काम एकच, गर्गे मॅडमच्या माश्या.

सरोजिनी गर्गे यांना माशीचं वेड कुठून लागलं हे स्टाफरूममध्ये कुणालाच सांगता येत नव्हतं. बाकीचे प्राध्यापक क्लास काढायचे, निफाडकडे द्राक्षबाग घ्यायचे, निदान लग्न तरी करायचे. या बाई म्हाताऱ्या आईला डबा करून ठेवून रविवारी जाळी घेऊन डोंगर चढायच्या. "गर्गे काय करतात?" "माश्या मारतात." हा विनोद स्टाफरूममध्ये वीस वर्षं चालला आणि प्रत्येक वेळी नवा असल्यासारखे लोक हसले. बहिरू मात्र कधी हसला नाही. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मॅडमनी त्याला मायक्रोस्कोपसमोर खुर्ची दिली होती. मधमाशीला पंख चार, फुलपाखराला चार, खऱ्या माशीला दोनच. मागच्या दोहोंच्या जागी दोन बारीक गाठी असतात, त्यांच्यावर ती तोल सांभाळते. नाशिकच्या पश्चिमेला एवढे डोंगर, पण त्यांत माश्यांच्या जाती किती याची मोजदाद कुणी धड केलेली नाही. "ती आपण करायची," मॅडम म्हणाल्या. पेठ तालुक्यातल्या खिरपाड्याहून आलेल्या बहिरूला 'आपण'मध्ये घेणारं शहरातलं ते पहिलं माणूस. त्या एका शब्दावर तो पुढची सगळी वर्षं डोंगर चढला असता. आणि चढलाही, तेच तर दुखणं आहे.

मॅडमचे नियम दोन. माशी धरली की तिथल्या तिथे चिठ्ठी लिहायची: जागा, उंची, तारीख, कुणी धरली. आणि ती लिहायची शिसपेन्सिलीनंच, कारण चिठ्ठी माशीबरोबर बाटलीत स्पिरिटमध्ये बुडते. शिसं टिकतं, बॉलपेनची शाई विरघळते. "चिठ्ठी नसलेली माशी म्हणजे नुसती मेलेली माशी," असं त्या म्हणत.

सन त्र्याण्णवच्या सप्टेंबरातल्या एका सुट्टीच्या शनिवारची गोष्ट. अंजनेरीच्या पठारावर सोनकी फुलली होती, सगळा माथा पिवळा. मॅडम पुढे गेलेल्या, आणि मागे कातळातल्या पायऱ्यांवर बहिरूच्या खिशातली पेन्सिल घरंगळून दरीत गेली. हाक मारून दुसरी मागावी तर पेन्सिल हरवली म्हणून बोलणी बसणार. खिशाला मस्टरवर सही करायचं बॉलपेन होतं. आत्ता यानंच लिहू, सोमवारी नीट उतरवू, असं म्हणून त्यानं तीन बाटल्या भरल्या. त्र्यंबकला उतरल्यावर मॅडम नाशिकच्या गाडीनं गेल्या आणि तो हरसूलच्या गाडीनं गावाला, तीच पिशवी घेऊन. रविवारी गावात मोहाच्या जुन्या झाडापाशी माश्या दिसल्या. त्यानं आणखी दोन बाटल्या भरल्या. चिठ्ठ्या पुन्हा त्याच बॉलपेननं.

सोमवारी प्रयोगशाळेत पिशवी उघडली तर पाचही बाटल्यांतलं स्पिरिट निळसर झालेलं, आणि पाचही चिठ्ठ्या कोऱ्या.

आता सरळ मार्ग एकच होता. मॅडमना सांगायचं, त्या दोन शब्द बोलतील, बाटल्या मोरीत ओतायच्या. पण बहिरूला ते दोन शब्दच नको होते. त्यानं दार लोटून घेतलं, बाटल्या उजेडात धरल्या आणि आठवून आठवून नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, पेन्सिलीनं, सुबक. एका बाटलीत सोनकीची पाकळी होती, ती अंजनेरीची. एकीत गवत्या टोळ घुसला होता, तोही तिथलाच. अशा चार लागल्या. पाचवीत एकच माशी होती. काळी, कमरेला पिवळा पट्टा, मागच्या मांड्या जाड. ती गावची की डोंगरावरची, हे त्याला आठवेना; डोंगरावर तीन भरल्या की चार, याचीही आता खात्री वाटेना. मॅडमना अंजनेरीचं कौतुक होतं, म्हणून हात अंजनेरीकडे वळला.

चार अक्षरं. लिहायला किती वेळ लागतो?

ती माशी नवी निघाली. जगात कुणी नोंदली नव्हती अशी. मॅडमनी दीड वर्ष तिच्यावर घालवलं, परदेशातल्या संग्रहालयांशी पत्रव्यवहार केला, आणि पंच्याण्णव साली बाहेरच्या एका नियतकालिकात तिचं वर्णन छापून आलं. नावातला पहिला शब्द बहिरूच्या जिभेला कधी वळला नाही, दुसरा वळला: अंजनेरेन्सिस. अंजनेरीची. प्राचार्यांनी शाल-नारळ दिला, आणि स्टाफरूममधला विनोद पंधरा दिवस बंद राहिला. बहिरूनं पेढे वाटले. तेव्हा त्याचं मन स्वच्छ होतं. आपली चूक झालीच असेल असं त्याला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो विषय त्यानं मनात काढलाच नव्हता.

एकच कुसळ राहिलं. मिळालेली माशी मादी होती. मादीचे दोन डोळे डोक्यावर अंतर राखून असतात, नराचे एकमेकांना भिडतात. आणि जात खरी कोणती हे ठरतं ते नराच्या पोटाच्या शेवटच्या टोकाच्या ठेवणीवरून. परदेशातल्या एका जाणत्यानं पत्र लिहून कळवलं की एका मादीवरून नवी जात मानणं धाडसाचं आहे, नर मिळाल्याशिवाय आपण ती मानणार नाही. मॅडमनी ते पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं. "नर अंजनेरीवर आहे, बहिरू. आपण आणू."

पुढच्या वर्षी, शहाण्णवच्या पावसाळ्याच्या अखेरीला, बहिरू घराची कूड नीट करायला खिरपाड्याला गेला. दुपारी मोहाखाली टेकला होता. झाडाच्या ढोलीत पावसाचं काळं पाणी साचलेलं, आणि त्या ढोलीच्या तोंडाशी हवेत एका जागी थांबून चार-पाच माश्या गुणगुणत होत्या. काळ्या. कमरेला पिवळा पट्टा. मांड्या जाड. अंजनेरीवर दोन मोसमांत सोळा फेऱ्या मारून जिचा पंख दिसला नव्हता ती इथे त्याच्या नाकासमोर! आणि मग त्याला सगळं आठवलं. याच ढोलीच्या कडेनं त्यानं जाळी फिरवली होती, त्या बाटलीचं बूच लावताना बोटांना कुजक्या लाकडाचा वास होता.

सोमवारी सांगायचंच, असं ठरवून तो आला. मॅडम त्या दिवशी खुशीत होत्या, पोरांना नामकरणाचे नियम शिकवत होत्या. "एकदा छापलेलं नाव बदलत नाही. अर्थानं चुकीचं ठरलं तरी तेच राहतं, कायमचं." पोरं लिहून घेत होती. दारात काचा घेऊन उभ्या असलेल्या बहिरूनं मूग गिळले. मग तो सांगणं उद्यावर ढकलत गेला. उद्याचं पुढच्या आठवड्यावर गेलं, आणि आश्विनात पुन्हा अंजनेरीची फेरी निघाली तेव्हा तो जाळी खांद्यावर टाकून मुकाट्यानं मागे चालू लागला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण तिथे निदान कळसा काखेत आहे हे माणसाला माहीत नसतं. याला माहीत होतं. मॅडम पठारावर फुलाफुलाशी वाकायच्या, आणि हा दहा पावलांवर जाळी उगाच हलवत राहायचा. "काही दिसलं?" त्या विचारायच्या. "नाय, मॅडम." एवढं एकच खरं वाक्य तो त्या डोंगरावर बोलायचा. चोराच्या मनात चांदणं, तसं त्यांनी नुसतं त्याचं नाव घेतलं तरी त्याला वाटायचं, कळलं.

अठ्ठ्याण्णव साली मॅडमच्या आईला ताप आला. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. तीन दिवस पाऊस लागून होता, चौथ्या सकाळी लख्ख ऊन पडलं. सोनकीचा शेवटचा आठवडा. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी बहिरू सातला पिशवी घेऊन हजर झाला. मॅडम अंगणात उभ्या होत्या, पायांत डोंगराचे बूट होते पण नाड्या बांधलेल्या नव्हत्या.

"बहिरू, ताप उतरत नाहीये. डॉक्टर म्हणतात तसं काळजीचं काही नाही. लताबाई बसते म्हणतात आईपाशी. जाऊ की नको? तुम्हीच सांगा."

एवढ्या वर्षांत त्यांनी त्याला असं कधी विचारलं नव्हतं. 'ती माशी तिथं नाय, मॅडम.' वाक्य तयार होतं, जिभेवर आलेलं. ते बोललं की मग का, कसं, कधीपासून, हे सगळं आलं. बहिरूनं आभाळाकडे पाहिलं.

"ऊन चांगलं पडलंय," तो म्हणाला.

मॅडमनी नाड्या बांधल्या.

चारला ते परतले तेव्हा शेजारच्या लताबाई फाटकातच उभ्या होत्या. आई साडेअकराला गेली होती. "शेवटी शेवटी तुमचंच नाव घेत होत्या हो," लताबाई म्हणाल्या. बाईंच्या मनात वाईट नव्हतं, काही माणसांना काय सांगू नये ते कळत नाही. मॅडम बुटांसकट आत गेल्या. बहिरू फाटकापाशी जाळी हातात धरून उभा राहिला. ती कुठे ठेवावी हेही त्याला सुचेना.

तेराव्याला त्यानं खुर्च्या मांडल्या, पंगतीत वाढलं. माणसं पांगल्यावर मॅडम त्याला म्हणाल्या, "त्या दिवशी निदान ती माशी तरी मिळायला हवी होती, बहिरू." त्या रागानं बोलल्या नव्हत्या. पण त्या वाक्यानं बहिरूच्या तोंडाला कुलूप लागलं. आधी सांगितलं असतं तर एक चूक कबूल करावी लागली असती. आता सांगायचं म्हणजे, तुम्ही आईला सोडून गेलात ते कशासाठीच नव्हतं, असं सांगायचं. ते कुठल्या तोंडानं सांगणार?

आणखी सहा वर्षं ते चढले. दोन हजार चारला मॅडम निवृत्त झाल्या. गुडघे गेले होते, उतरताना त्या बसून एकेक पायरी उतरायच्या आणि बहिरू खाली थांबून हात द्यायचा. त्याला त्या हाताची लाज वाटायची. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी चढणं बंदच केलं. बहिरूला सुटल्यासारखं वाटलं, ते चार महिनेही टिकलं नाही. जूनमध्ये मॅडमनी त्याला घरी बोलावलं. समोर तेजश्री नावाची मुलगी बसली होती, पुण्याहून आलेली, पीएच.डी. करणारी, पायांत नवे कोरे बूट.

"ही अंजनेरीवर नर शोधणार आहे. पाच वर्षं आहेत हिच्याकडे. तुम्ही हिला जागा दाखवा."

"मामा, तुम्ही असलात तर नक्की मिळेल," ती पोरगी म्हणाली.

बहिरूनं तिच्या बुटांकडे पाहिलं. एक बाई तिथे झिजवली, आता दुसरी.

सप्टेंबरात तो रजा टाकून खिरपाड्याला गेला. मोह अजून उभा होता, ढोलीत पाणी होतं. दुपारच्या उन्हात तासाभरात त्यानं सहा माश्या धरल्या. भिंगातून पाहिलं, तिघींचे डोळे भिडलेले. तिघी कुठल्या, तिघे. दहा वर्षं जो नर एका बाईनं अंजनेरीवर शोधला तो त्याच्या तळहातावर पडला होता. ओसरीवर बसून त्यानं चिठ्ठीचा कागद कापला आणि पेन्सिल हातात घेऊन थांबला. भागीबाई, त्याची बायको, तांदूळ पाखडत होती. तिला सगळं ठाऊक होतं. नवरा डोंगरावरून आला की दोन दिवस जेवत नाही, हे घरात लपत नाही.

"लिही ना अंजनेरी," ती म्हणाली. "बाई खुश हुईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण येतंय हितं बघाया?"

ती म्हणत होती त्यात खोटं काय होतं? मॅडमना नर मिळाला असता, परदेशातला तो जाणता गप्प झाला असता, आईचा दिवसही फुकट गेला नसता. बहिरूनं पेन्सिल टेकवली सुद्धा.

"अन् ती पोरगी?" तो म्हणाला. "एकदा तिथं घावला म्हणल्यावं ती जलमभर तिथंच चढंल."

भागीबाईनं सूप खाली ठेवलं. "मंग जे हाय ते लिही. पण मला इचारू नको, मला भ्या वाटतं."

त्यानं लिहिलं: खिरपाडा, ता. पेठ. मोहाची ढोली. तारीख. बहिरू भोये.

गंगापूर रोडला तो सकाळी दहाला पोचला. मॅडमनी पहिली माशी भिंगाखाली घेतली आणि त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "नर! बहिरू, नर आहे हा!" त्यांचे डोळे भरून आले. त्याच्या खांद्याला त्यांनी हात लावला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मग सवयीनं त्यांनी चिठ्ठी उचलली.

"हे काय? चुकून लिहिलंत का?"

"नाय, मॅडम. हे बरोबर हाय. आधीचं चुकलंय."

उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं. पेन्सिल, बॉलपेन, निळं स्पिरिट, अंदाजानं लिहिलेली चिठ्ठी. मॅडम ऐकत होत्या. त्या ओरडतील या तयारीनं तो आला होता, आणि त्यांनी वही ओढून प्रश्न विचारायला सुरुवात केली. ढोली जमिनीपासून किती उंच? पाणी किती? आणखी कुठल्या झाडावर दिसल्या? त्यानं उत्तरं दिली, त्यांनी पेन्सिलीनं लिहून घेतली. मग वही मिटली.

"तुम्हाला नक्की कधी कळलं?"

"शहाण्णवला, मॅडम."

बाहेर भाजीवाला ओरडून पुढे गेला.

"म्हणजे अठ्ठ्याण्णवला माहीत होतं."

"व्हय."

"मी तुम्हाला विचारलं होतं. अंगणात."

"व्हय, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या. "या तुम्ही आता."

नंतर वर्षभर त्यांनी त्याला बोलावलं नाही. तेजश्री खिरपाड्याला जाऊ लागली, भागीबाईच्या हातची नागलीची भाकरी खाऊ लागली. दोन हजार सहाच्या डिसेंबरात ती प्रयोगशाळेत एक छापील पत्रक घेऊन आली. मॅडमनी दुरुस्ती छापली होती. तेजश्रीनं मराठी करून वाचून दाखवलं. जात खरी, नराचं वर्णन सोबत. सापडण्याची जागा अंजनेरी नसून खिरपाडा. नियमाप्रमाणे नाव मात्र तेच राहील. नर धरणारे, श्री. बहिरू भोये, यांचे आभार.

"अन् चूक कुणाची ते लिवलं नाय?"

"लिहिलंय ना. 'मूळ चिठ्ठीतली चूक लेखिकेची आहे.'"

बहिरूनं तासाभराची सुट्टी मागून घेतली आणि सायकल गंगापूर रोडला वळवली. मॅडमनी दार उघडलं. काठी घेऊन चालत होत्या. त्यानं पत्रक पुढे केलं.

"मॅडम, हे खोटं छापलंय. चूक माझी हाय. माझं नाव घालाया पाह्यजे व्हतं."

मॅडमनी पत्रकाकडे पाहिलंही नाही. त्याच्याकडे पाहिलं.

"तुमचं नाव घातलं असतं, बहिरू, तर तुम्ही मोकळे झाला असतात."

त्या आत गेल्या आणि चहा टाकला. त्याला लागते तेवढी साखर, न विचारता. बहिरूनं ओट्यापाशी उभं राहून तो संपवला, कप विसळून पालथा घातला आणि कामावर परत गेला.